प्रतापसिंह महाराज आणि युद्धकाळातील बडोदे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत सयाजीराव महाराजांवर दर दोन-तीन वर्षांनी एखादा लेख येतोच, आणि तो यावाच. सक्तीचे शिक्षण, ग्रंथालये, कलाभवन, बडोदा बँक हे सारे आपल्या मुलांना तोंडपाठ असते. पण सयाजीरावांनंतर काय झाले, असे विचारले की आपल्यातले जाणतेही जरा थांबतात. प्रतापगंज, प्रतापनगर ही नावे आपण रोज घेतो. ती ज्यांच्यावरून पडली, त्या प्रतापसिंहराव गायकवाडांविषयी मात्र घराघरांत दोनच गोष्टी उरल्या आहेत. एक म्हणजे त्यांनी विद्यापीठ दिले आणि दुसरी म्हणजे त्यांचे राज्य गेले. या दोन गोष्टींच्या मध्ये एक महायुद्ध होते. त्या युद्धाच्या काळात आपला राजा काय करत होता आणि काय करू शकत होता, हे यंदा जरा सविस्तर मांडावे असे आम्हांला वाटले.

प्रतापसिंहरावांचा जन्म २९ जून १९०८चा. त्यांचे वडील युवराज फत्तेसिंहराव हे सयाजीरावांचे थोरले चिरंजीव. बाळ जेमतेम तीन महिन्यांचे होते, तेव्हा, सप्टेंबर १९०८मध्ये, युवराज गेले. आई पद्मावतीदेवी फलटणच्या निंबाळकरांची लेक. पुढे सयाजीरावांचे आणखी दोन पुत्र, शिवाजीराव आणि जयसिंहराव, ऐन तारुण्यात वारले. म्हाताऱ्या राजाने एकामागून एक मुलगे गमावले आणि गादीची सारी आशा या नातवावर येऊन ठेपली. आजोबांच्या शिस्तीची ख्याती सर्वांना ठाऊकच आहे. त्या शिस्तीत, आणि आपल्याला कुणासारखे व्हायचे आहे याची आठवण रोज करून देणाऱ्या वाड्यात, हा मुलगा वाढला. १९२९मध्ये कोल्हापूरकडच्या हसूर घराण्यातील शांतादेवींशी त्यांचा विवाह झाला आणि पुढच्याच वर्षी पुत्र झाला. त्याचे नाव आजोबांवरून फत्तेसिंहराव ठेवले.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी सयाजीराव महाराज मुंबईत निवर्तले. जवळजवळ चौसष्ट वर्षांची कारकीर्द संपली. तीस वर्षांचे प्रतापसिंहराव गादीवर बसले तेव्हा आठ हजार चौरस मैलांहून थोडा अधिक मुलूख आणि सुमारे साडेअठ्ठावीस लाख प्रजा त्यांच्या हाती आली. बडोदे, नवसारी, मेहसाणा आणि अमरेली हे प्रांत, शिवाय पश्चिमेच्या टोकाचे ओखामंडळ. दिवाण व्ही. टी. कृष्णमाचारी आजोबांच्या वेळेपासूनचे, कसलेले. तिजोरी भरलेली, कारभार रुळलेला. आजोबांच्या स्मरणार्थ नव्या महाराजांनी सयाजीराव हीरक महोत्सव व स्मारक निधी उभा केला. या विश्वस्त निधीतून जुन्या बडोदे राज्यातील लोकांच्या शिक्षणाला आजवर मदत मिळत आली आहे. सुरुवात चांगली झाली होती.

सातच महिन्यांनी, ३ सप्टेंबर १९३९ रोजी, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले. त्यांनी कुणाला विचारले नाही. काँग्रेसला नाही, तसे राजेरजवाड्यांनाही नाही. बडोद्यापुरते बोलायचे तर विचारण्याचा प्रश्नच नव्हता, कारण राज्याचे संरक्षण आणि परराज्यांशी संबंध या दोन्ही गोष्टी गायकवाडांनी १८०५च्या तहापासून इंग्रजांच्या हवाली केल्या होत्या. आपले पूर्वज पिलाजीराव आणि दमाजीरावांच्या घोडदळाबरोबर गुजरातेत उतरले. कुणी शिलेदार, कुणी पागेदार, कुणी दरकदार, तर कुणी लेखणी घेऊन फडावर बसणारे. तलवारीवर उभे राहिलेले ते राज्य १९३९ सालापर्यंत असे झाले होते की युद्ध करावे की न करावे हे ठरवणे राजाच्या हाती नव्हतेच. मिरवणुकीला सोन्याचांदीच्या तोफा होत्या. खंडेरावांनी चांदीच्या केल्या, मल्हाररावांनी सोन्याच्या. पण खऱ्या तोफा कुठे वळवायच्या, याचा हुकूम दिल्लीहून आणि त्याच्याही पलीकडे लंडनहून सुटत होता.

मग राजाच्या हाती काय होते? मुख्यतः पैसा आणि नाव. हैदराबादच्या निजामांनी पहिल्या महायुद्धापासून विमानांसाठी पैसा दिला होता, आणि ब्रिटिश हवाईदलाच्या काही तुकड्या हैदराबादच्या नावाने ओळखल्या जात. प्रतापसिंह महाराजांनीही तसेच केले. बडोद्याच्या देणगीतून आलेल्या विमानांमुळे हवाईदलाच्या १२४ क्रमांकाच्या तुकडीला बडोद्याचे नाव मिळाले. मे १९४१मध्ये स्कॉटलंडच्या अगदी उत्तरेला, कॅसलटाउन येथे, ही तुकडी उभी राहिली. विमाने होती स्पिटफायर. बोधचिन्हावर सापाला न भिणारे आपल्याकडचे मुंगूस. शून्याखालच्या थंडीत, उत्तर समुद्रावर गस्त घालणाऱ्या विमानांची ओळख बडोदे या नावाने होत होती. आज हरणीच्या धावपट्टीवरून उडणारे विमान आपल्या गच्चीवरून जाते, तेव्हा त्या नावाचा हा प्रवास आठवायला हरकत नाही.

याच सुमारास युद्ध पूर्वेकडूनही जवळ येऊ लागले. मार्च १९४२मध्ये रंगून पडले. एप्रिलमध्ये जपानी विमानांनी विशाखापट्टण आणि काकीनाड्यावर बाँब टाकले. मुंबईत घबराट पसरली आणि अनेक कुटुंबे शहर सोडून गावी निघून गेली. संस्थानांचे राजे या काळात वेगवेगळ्या मार्गांनी वागले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला पोलंडमधून परागंदा झालेल्या शेकडो मुलांना आसरा दिला. कोल्हापूरजवळ वळिवडे येथेही हजारो पोलिश निर्वासितांची वसाहत उभी राहिली. बडोदे राज्यात ओखामंडळाच्या मिठापूरला टाटांचा रसायन कारखाना १९३९मध्ये सुरू झाला होता, तर १९४३मध्ये शहरात साराभाई केमिकल्सची सुरुवात झाली. आज बडोद्याला औषधे आणि रसायनांचे गाव म्हणतात, त्यातला बराच पाया युद्धाच्या वर्षांतला आहे.

पण १९४२चा ऑगस्ट महिना आला आणि राजाच्या नावाचे दोन अर्थ एकमेकांसमोर उभे राहिले. मुंबईत चले जावचा ठराव झाला. बडोद्यातले विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले. त्यांतला एक जथा खेडा जिल्ह्याच्या गावांतून प्रचार करत फिरला. १८ ऑगस्टच्या संध्याकाळी ही मुले आणंदजवळच्या अडास स्टेशनावर पोहोचली. तेथे पोलिसांनी त्यांच्यावर गोळीबार केला आणि पाच तरुण बळी पडले. अडास ब्रिटिश हद्दीत होते, गोळी चालवणारे पोलीसही ब्रिटिशांचे. दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, फ्रान्सच्या किनाऱ्यावर दिएप बंदरावर दोस्त सैन्याने मोठा हल्ला चढवला. त्यावर छत्र धरणाऱ्या विमानांत १२४ क्रमांकाची, म्हणजे बडोद्याच्या नावाची, तुकडीही होती.

या दोन दिवसांचा हिशेब कसा लावायचा? हिटलरशी लढणे चुकीचे होते असे आज कुणीही म्हणणार नाही. बडोद्याच्या नावाची विमाने ज्यांच्याविरुद्ध उडाली, त्यांनी युरोपात माजवलेला संहार जगाला ठाऊक आहे. १९४५च्या सुरुवातीला लंडनवर रॉकेटे सोडणाऱ्या तळांवरही याच तुकडीने मारा केला. ती विमाने देण्यात लाज वाटावी असे काही नव्हते. तरी ज्या सरकारला ती दिली, त्याच सरकारच्या पोलिसांनी आपल्या गावच्या मुलांवर गोळ्या झाडल्या, हेही तितकेच खरे. बडोद्याचे महाराज त्या गोळ्या थांबवू शकत नव्हते. आपल्या हद्दीबाहेर त्यांचा शब्द चालत नव्हता, आणि हद्दीतही रेसिडेंटची नजर होतीच. त्या ऑगस्टमध्ये आपल्या कित्येक घरांत बाप सरकारी नोकरीत आणि मुलगा मोर्चात अशी स्थिती होती. पगार महाराजांच्या खानगीतून किंवा हुजूर कचेरीतून यायचा आणि मनात गांधीजी असायचे. त्यामुळे हा पेच वाड्यातला होता, तसा आपल्या ओसरीवरचाही होता.

जपानचे सम्राट हिरोहितो प्रतापसिंहरावांहून सात वर्षांनी मोठे. त्यांच्याबद्दल आजही वाद चालू आहे. १८८९च्या जपानी राज्यघटनेप्रमाणे सैन्याचे सर्वोच्च अधिपती तेच. चीनवरचे आक्रमण आणि पुढचे सारे युद्ध त्यांच्याच नावाने झाले. मंत्री आणि सेनापती निर्णय आणून ठेवत आणि सम्राट त्याला संमती देत. ती संमती नुसती रीत होती की ते रोखू शकले असते, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. मात्र ऑगस्ट १९४५मध्ये शरणागतीचा निर्णय त्यांच्या शब्दाने झाला आणि १५ तारखेला त्यांचा आवाज आकाशवाणीवरून लोकांनी प्रथमच ऐकला. शेवटी थांबवता आले, तर आधी का नाही, हा प्रश्न त्यांच्या मागे कायम राहिला. आपल्या महाराजांची गोष्ट नेमकी उलटी आहे. त्यांना युद्ध सुरूही करता येत नव्हते आणि थांबवताही येत नव्हते. म्हणून युद्धाचा दोष किंवा श्रेय त्यांच्या माथी मारून उपयोग नाही. जे त्यांच्या हाती होते, ते त्यांनी कसे वापरले, एवढेच आपण विचारू शकतो. राज्यातला कायदा आणि राज्याची तिजोरी मात्र खरोखर त्यांच्या हातात होती.

कायद्याची गोष्ट अशी. बडोदे राज्य सामाजिक कायद्यांत साऱ्या हिंदुस्थानच्या पुढे होते. ब्रिटिश मुलखात नसलेली बहुपत्नीत्वाची बंदी इथे झाली होती. ती असताना १९४३मध्ये महाराजांनी सीतादेवींशी दुसरा विवाह केला. राजाला कायदा लागू नाही, असा खुलासा पुढे आला. ब्रिटिश सरकारनेही या विवाहाला राजपद्धतीची मान्यता दिली नाही. वाड्यातल्या गोष्टी वाड्यातच राहाव्यात अशी आपल्या जुन्या पिढीची शिकवण, आणि त्या शिकवणीला धरून आम्ही त्यात अधिक शिरत नाही. शांतादेवींनी तीन मुलगे आणि पाच मुलींना सांभाळत जो धीर दाखवला, त्याचा आदर बडोद्याने त्यांच्या अखेरपर्यंत ठेवला. पण आजोबांनी प्रजेला जे शिकवले ते नातवाने स्वतःला लागू केले नाही, ही गोष्ट लोकांच्या मनाला लागली आणि ती विसरली गेली नाही.

तिजोरीचे तसेच. महाराजांचा हात सढळ होता आणि त्यातून चांगलेही झाले. सांगलीचे विजय हजारे त्यांच्या पदरी आले. युद्धाच्या धामधुमीत, १९४२-४३मध्ये, बडोद्याने प्रथम रणजी करंडक जिंकला. मार्च १९४७मध्ये बडोद्यात होळकर संघाविरुद्ध अंतिम सामना झाला, त्यात हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागी केली. हजारे २८८, गुल महंमद ३१९. देश फाळणीच्या कडेलोटावर असताना एक मराठी ख्रिस्ती आणि एक मुसलमान बडोद्यासाठी एकत्र खेळत होते, ही आठवण आपल्याकडच्या वृद्धांनी जपून ठेवली आहे. दुसरीकडे महाराजांचे मन इंग्लंडच्या घोड्यांत रमले. १९४५मध्ये त्यांनी एका वर्षाच्या शिंगराला २८,००० गिनी मोजल्या. तोवर इतक्या लहान घोड्याला कुणी एवढी किंमत दिली नव्हती. त्या घोड्याचे नाव त्यांनी सयाजीराव ठेवले. १९४७मध्ये त्याने इंग्लंडची सेंट लेजर शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी माय बाबू नावाच्या त्यांच्या दुसऱ्या घोड्याने टू थाउजंड गिनीज जिंकली. इकडे रेशनच्या रांगा लागलेल्या, बंगालच्या दुष्काळाच्या आठवणी ताज्या. आजोबांचे नाव शर्यतीच्या पत्रकात वाचून बडोद्यातल्या कित्येकांना बरे वाटले नसेल.

स्वातंत्र्याच्या वाटेवर मात्र बडोद्याने पुढाकार घेतला. दिवाण सर ब्रिजेंद्रलाल मित्तर यांच्या काळात घटना समितीत सामील होण्याचे बडोद्याने सर्वांआधी ठरवले, आणि २८ एप्रिल १९४७ रोजी संस्थानांचे जे पहिले प्रतिनिधी त्या सभागृहात बसले त्यांत बडोदेही होते. पण तेच वर्ष सरता सरता, जुनागडचा पेच चालू असताना, महाराजांनी गुजरात आणि काठियावाडचे आधिपत्य आपल्याकडे यावे अशी मागणी सरदार पटेलांकडे केली. दमाजीरावांच्या वेळची खंडणी आणि मुलूखगिरी त्यांच्या मनात असावी. पण दोनशे वर्षांपूर्वीच्या तलवारीच्या बळावर १९४७मध्ये काही मागता येण्यासारखे नव्हते. सरदारांनी ते मानले नाही आणि विश्वासाला तडा गेला.

१९४८मध्ये अमरेलीचे सुपुत्र डॉ. जीवराज मेहता बडोद्याचे लोकनियुक्त प्रमुख झाले. तिजोरीतून महाराजांनी उचललेल्या मोठ्या रकमांचा हिशेब निघाला. धारासभेतून त्यांच्याविरुद्ध आवाज उठला. शेवटी विलीनीकरण ठरले आणि १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई प्रांतात गेले. पलटणींतले काही लोक मराठा लाइट इन्फंट्रीत दाखल झाले. कचेऱ्यांतली मराठी हळूहळू मागे पडली. मोडीचे रुमाल दप्तरखान्यात बांधले गेले. ज्या घरांचे मान, नेमणुका आणि दसऱ्याचे विडे गादीशी बांधलेले होते, त्या आपल्या घरांना एका रात्रीत आपण गुजरातेतले मराठी झालो याची जाणीव झाली. इथेच राहावे की पुणे-मुंबई गाठावी, याची चर्चा त्या वर्षी कुठल्या घरात झाली नसेल?

त्या १ मेच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३० एप्रिल १९४९ला, जे घडले ते आपण विसरता कामा नये. राज्य हातात असण्याच्या शेवटच्या दिवशी महाराजा सयाजीराव विद्यापीठ सुरू झाले. १८८१पासूनचे बडोदे कॉलेज आणि आजोबांनी काढलेल्या इतर संस्था यांना एका छपराखाली आणण्याचे स्वप्न सयाजीरावांचे होते. ते पुरे करणे नातवाच्या हाती होते आणि त्यांनी ते केले. पहिल्या कुलगुरू म्हणून हंसाबेन मेहता आल्या. आपल्यातली जी कुटुंबे बडोद्यातच राहिली, त्यांतली बरीचशी या विद्यापीठामुळे राहिली. कुणी तिथे शिकले, कुणी शिकवू लागले, कुणी कार्यालयात लागले. गादीचा आधार गेला तेव्हा दुसरा आधार उभा होता, आणि तो एका दिवसाच्या अंतराने उभा होता.

पुढची हकीकत थोडक्यात सांगायची तर, महाराजांनी विलीनीकरणाविरुद्ध राजांची एकजूट करण्याचा प्रयत्न केला. एप्रिल १९५१मध्ये राष्ट्रपतींनी त्यांची मान्यता काढून घेतली आणि एकवीस वर्षांचे फत्तेसिंहराव महाराज झाले. प्रतापसिंहरावांचे उरलेले आयुष्य बरेचसे परदेशात गेले. १९ जुलै १९६८ रोजी, साठ वर्षे पूर्ण होऊन तीनच आठवडे झाले असता, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. ज्या देशाच्या आकाशात त्यांच्या राज्याचे नाव लिहिलेली विमाने उडाली आणि ज्या देशाच्या मैदानांवर त्यांचे घोडे धावले, तिथेच.

प्रतापसिंह महाराजांना सयाजीरावांच्या शेजारी उभे करून मोजले की ते नेहमीच लहान दिसतात. आम्हांला ते पुरेसे न्यायाचे वाटत नाही. सयाजीरावांना चौसष्ट वर्षे मिळाली, नातवाला बाराच, आणि त्यांतली सहा युद्धात गेली. पण मोजायचेच नाही, सगळे झाकून टाकायचे, हेही बरोबर नाही. विमाने, घोडे आणि विद्यापीठ या तिन्ही गोष्टी एकाच तिजोरीतल्या. ती तिजोरी साडेअठ्ठावीस लाख लोकांच्या घामाची होती. पहिली गोष्ट त्या युद्धात उपयोगी पडली. दुसरी विसरली गेली. तिसरीत आज आपली नातवंडे शिकत आहेत.

यंदा गौरी-गणपतीत घरी जमलेली मुले पॅव्हेलियनजवळून किंवा फाइन आर्ट्सच्या आवारातून जातील, तेव्हा ते आवार कुणी, कोणत्या दिवशी आणि काय गमावताना दिले, हे त्यांना जरूर सांगावे. घरात १९४९च्या आधीची नेमणुकीची पत्रे, पगाराच्या पावत्या, पलटणीतले फोटो असतील तर ते मंडळाला दाखवावेत. एका जुन्या कुटुंबाची आठवण दुसऱ्याशी जुळली की हा अर्धवट राहिलेला इतिहास थोडा पुढे सरकेल.

गणपती बाप्पा मोरया.